पियानोला प्रशस्ती, पेटीला नारळ

मुंबईच्या एन.सी.पी.ए.च्या रंगमंदिरात एखादा युरोपीय पियानोवादक येऊन दीड तास वाजवून गेला, की आमच्या सुशिक्षित रसिकवर्गाच्या लेखणीला जो पान्हा फुटतो तो पाहण्यासारखा असतो. वादकाचा स्पर्श कसा होता, मंद्रातील नाद त्याने कसा घुमविला, रचनेचा संथ खंड त्याने नेहमीपेक्षाही संथ का घेतला, त्या संथपणाने रचनेचा तोल सावरला की सुटला, या सर्वांची चर्चा होते. मागील पिढीच्या वादकांशी त्याची तुलना होते, आणि प्रसंगी त्याला चार खडे बोलही ऐकविले जातात. आम्हांला या चर्चेचा राग नाही, हेवा वाटतो. कलावंताचा मान टाळ्यांच्या कडकडाटात नसतो. त्याने काय केले हे कोणीतरी कान देऊन ऐकले आणि शब्दांत मांडले, यात तो असतो.

परंतु हाच रसिक दुसऱ्या दिवशी ख्यालगायनाच्या बैठकीला जातो. तेथे गायकाच्या डाव्या हाताला एक मनुष्य तीन तास मान खाली घालून बसलेला असतो. त्याच्यापुढेही पियानोसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. गायकाच्या मनात जी तान अद्याप जन्माला यावयाची आहे तिच्या मागोमाग त्याची बोटे धावत असतात. गायक श्वासाला थांबला की मधली पोकळी तो भरून काढतो आणि गायक परतला की नाहीसा होतो. एवढे सारे झाल्यावर वृत्तांताच्या शेवटच्या ओळीत लिहिले जाते, की पेटीवर अमुक यांनी समर्पक साथ केली. या 'समर्पक' शब्दाचा अर्थ काय हे लिहिणाऱ्याला विचारावे. आम्हांला त्याचा एकच अर्थ दिसतो: मी ऐकले नाही. कार्यक्रमाच्या अखेरीस गायकाला मानपत्र आणि पेटीवाल्याला शाल-नारळ मिळतो. मराठीत नारळ देणे या शब्दप्रयोगाला जो दुसरा अर्थ आहे, तो येथे तंतोतंत लागू पडतो.

हा विषय बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांतून मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. पियानो येथे कोणाच्या घरी नाही आणि सिंफनीच्या मैफली येथे भरत नाहीत. पण पेटी आहे, आणि ती जेवढ्या निरनिराळ्या दारांत आहे तेवढी इतरत्र क्वचितच आढळेल. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी गावांत हरिनाम सप्ताहात ती अभंगाला असते. शेजारच्या मठात तीच वचनगायनाला असते. दर्ग्याच्या उरुसात ती कव्वालीला असते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात तर गाण्याला संस्थानाचाच आश्रय आहे. ज्या माणिकप्रभूंनी (१८१७ ते १८६५) मराठी, कानडी आणि हिंदुस्तानी अशा भाषांत पदे रचली, त्यांच्या गादीपुढे दत्तजयंतीच्या उत्सवात गवयांनी हजेरी लावण्याचा प्रघात जुना आहे. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. उरलेल्यांपैकी बहुतेक म्हैसूर राज्यात आले. माणसांची, दप्तरांची, शाळांची वाटणी झाली. वाटणी झाली नाही ती पेटीची. तिला मातृभाषा नाही, म्हणून तिला सीमाप्रश्नही नाही. आणि बहुधा म्हणूनच तिचा वाली कोणी नाही. पुण्याच्या टीकाकाराला हा भाग परका वाटतो, बंगळूरच्या टीकाकाराला दूरचा वाटतो, आणि पेटी हा भजनातला जिन्नस आहे या एका मुद्द्यावर मात्र दोघांचेही एकमत होते.

आता पियानोवादकाला ही प्रतिष्ठा कोठून आली ते पाहू. ती वाद्याच्या अंगची नव्हे. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास हे वाद्य प्रथम घडविले, तेव्हा त्याला कोणी फारसे विचारले नाही. एकट्या पियानोवादकाने संबंध संध्याकाळ आपल्याच वादनावर निभावून न्यावी, ही कल्पना त्यानंतर सुमारे एकशेचाळीस वर्षांनी रूढ होऊ लागली. फ्रान्झ लिस्ट याने १८४० मध्ये लंडनमध्ये आपल्या अशा कार्यक्रमांना 'रिसायटल' हे नाव दिले, तेव्हा लोकांना ते विचित्र वाटले होते. मग ही प्रतिष्ठा वाढली कशी? ती लेखणीने वाढविली. रॉबर्ट शूमान याने १८३१ मध्ये, स्वतः पुरता एकवीस वर्षांचाही असेल-नसेल अशा वयात, शोपँ या आपल्याच वयाच्या अपरिचित रचनाकारावर लेख लिहून जर्मन वाचकांचे लक्ष त्याच्याकडे वेधले. पुढे व्हिएन्नात हान्स्लिक आला आणि न्यूयॉर्कमध्ये हॅरल्ड शोनबर्ग आला. या शोनबर्गने १९६३ मध्ये थोर पियानोवादकांवर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला, आणि १९७१ मध्ये त्याला टीकालेखनासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ही टीका म्हणजे आरती नव्हती. कॅनडाचा ग्लेन गूल्ड हा पियानोवादक १९५६ च्या आरंभी बाखच्या गोल्डबर्ग रचनांच्या ध्वनिमुद्रिकेने जगभर गाजला. त्याच गूल्डने एप्रिल १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्राम्सची रचना अत्यंत संथ लयीत वाजविली. वृंदसंचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी वादनापूर्वीच श्रोत्यांपुढे आपला मतभेद जाहीर केला. आणि शोनबर्गने गूल्डचे असे वाभाडे काढले, की त्याच्या तयारीविषयीही शंका घेतली. गूल्ड त्याने लहान झाला काय? उलट, १९८१ मध्ये त्याने गोल्डबर्ग रचना पुन्हा मुद्रित केल्या, तेव्हा एकाच हाताच्या दोन वादनांची सव्वीस वर्षांच्या अंतराने स्वरागणिक तुलना करणारे शेकडो लोक तयार होते. तो समाज टीकेने तयार केला होता. ज्याला कोणी कधी नावे ठेवीत नाही, त्याला कोणी कधी गंभीरपणे ऐकलेले नसते. आमच्या पेटीवाल्यांना आजवर नावे ठेवण्याइतकाही मान मिळालेला नाही.

आमच्या प्रतिपक्षाचे म्हणणे आम्हांला ठाऊक आहे. ते म्हणतात, पियानोशी पेटीची तुलनाच अप्रस्तुत होय. कारण पेटी हे मुळात सदोष वाद्य आहे. या आक्षेपाला मोठा इतिहास आहे आणि मोठ्या माणसांचा आधारही आहे. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबेन याने १८४२ मध्ये हार्मोनियम या नावाने आपल्या वाद्याचे हक्क नोंदविले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते आपल्याकडे आले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याच्याविरुद्ध तक्रारी सुरू झाल्या. जानेवारी १९४० मध्ये खुद्द रवींद्रनाथांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटीविरुद्ध आपले मत कळविले, आणि त्याच वर्षी १ मार्चपासून आकाशवाणीने पेटी बंद केली. ती बंदी १९७१ मध्ये काही अटींसह सैल होईपर्यंत सुमारे एकतीस वर्षे टिकली. या काळात पेटीवादकाची आकाशवाणीवर श्रवणचाचणी नव्हती. चाचणी नाही म्हणून श्रेणी नव्हती. श्रेणी नाही म्हणून कार्यक्रम नव्हता. आणि कार्यक्रमच नाही तेथे टीका कशाची करावयाची? कलबुर्गीचे आकाशवाणी केंद्र १९६६ मध्ये सुरू झाले. ज्या भागात पेटीवाचून सप्ताह होत नाही आणि उरूसही होत नाही, त्या भागाला स्वतःचा आवाज मिळाला तेव्हा पेटीचे तोंड मात्र बांधलेले होते.

आक्षेप दोन आहेत. त्यांना बगल देऊन पेटीची वकिली करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला आक्षेप असा, की पेटीचे स्वर समान अंतरांवर बसविलेले असतात आणि आपल्या रागांतील स्वर तसे नसतात. हे खरे आहे. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ भागांवर येतो आणि पेटीतला ४०० वर; म्हणजे पेटीचा गंधार चौदा भागांनी चढा. पंचमात हा फरक जेमतेम दोन भागांचा असतो, म्हणून तो खपून जातो. गंधार खपत नाही. तंबोरा चांगला जुळला असेल तर तो जाणत्या कानाला बोचतोच. परंतु आमचा प्रश्न असा, की पियानोही याच समान अंतरांवर लावलेला असतो, मग त्याला दोषी कोणी का ठरवीत नाही? उत्तर येते, की त्यांच्या संगीतात स्वरसंवादाच्या अनेक जुळण्या व अनेक षड्ज लागतात, म्हणून ती तडजोड तेथे शोभते. उत्तर बरोबर आहे. पण मग दोष वाद्याचा नसून लावणीचा आहे, हे त्यातूनच सिद्ध होते. आणि लावणी बदलता येते.

ती बदललीही गेली आहे. पितळी सुराची जीभ टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. हे ज्ञान ज्या कारागिरांच्या बोटांत आहे त्यांनी एका ठरावीक पट्टीचा षड्ज धरून शुद्ध गंधाराची पेटी लावण्याची रीत महाराष्ट्रात रुळविली. तिला गांधार ट्यूनिंग म्हणतात. अशी पेटी दुसऱ्या पट्टीत चालत नाही, हा तिचा तोटा; तंबोऱ्याशी ती भांडत नाही, हा तिचा लाभ. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहून या प्रश्नाच्या मागे लागले होते. क्लेमंट्स साहेबाच्या साहाय्याने श्रुतीची पेटीही झाली. आमच्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी माणूस या चौदा भागांशी झगडतो आहे. ही झुंज संगीताच्या इतिहासात नोंदविण्यासारखी नव्हे काय? ती नोंदविण्याऐवजी आमचे विद्वान १९४० सालचा आक्षेप अजून तोंडपाठ म्हणून दाखवितात.

दुसरा आक्षेप मींडेचा. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये भिंत आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. हेही खरे आहे. पण पियानोला तरी ते कोठे येते? पियानोची अडचण तर याहून मोठी आहे. पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर पडते, आणि त्या क्षणापासून स्वर विझू लागतो. एकदा उमटलेला स्वर जगातल्या कोणत्याही पियानोवादकाला फुगविता येत नाही. म्हणूनच ठोक्याच्या वाद्यातून गळ्याचा भास निर्माण करणे ही पियानोवादकाची मोठी परीक्षा मानली गेली, आणि शोपँ आपल्या शिष्यांना इटालियन गायक ऐकण्याचा उपदेश करीत असे. वाद्याच्या मर्यादेवर केलेली मात म्हणून टीकाकारांनी ती गौरविली. आता पेटी पाहा. तिच्या भात्यात हवा आहे तोवर स्वर जिवंत आहे; तो वाढविता येतो, ओसरू देता येतो, एकाच स्वरावर फुंकर घालून तो उजळविता येतो. आणि मींडेचे म्हणाल, तर कसबी वादक पहिली पट्टी पुरती सुटण्याआधी दुसरी हलकेच दाबतो, मधल्या स्वराचा कण पुसटसा लावतो, त्याच क्षणी भाता किंचित आवरतो, आणि ऐकणाऱ्याला भिंत दिसेनाशी होते. हाही भासच आहे. पण पियानोवरील भासाला कला म्हणावयाचे आणि पेटीवरील भासाला लबाडी, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

खरी गोष्ट निराळीच आहे. पियानोवादकाबद्दल काय बोलावे हे आमच्या टीकाकाराला दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले आयते मिळते. पेटीवाल्याबद्दल ते स्वतः शोधावे लागेल. आमची संगीतसमीक्षा गळ्याभोवती वाढली. केशवराव भोळे यांनी १९३३ मध्ये 'आजचे प्रसिद्ध गायक' लिहिले. वामनराव देशपांडे यांची 'घरंदाज गायकी' १९६१ मध्ये आली. दोन्ही पुस्तके मराठीचे भूषण आहेत, आणि दोन्हींचा विषय त्यांच्या नावांतच आहे. त्या थोरांनी गळ्यासाठी जी परिभाषा घडविली तशी हातासाठी घडविण्याचे काम पुढील पिढीचे होते. पुढील पिढीने तेच शब्द पुन्हा पुन्हा वापरून गुळगुळीत केले आणि आपण समीक्षा करीत आहोत अशी समजूत करून घेतली.

त्यामुळे काय गमावले याचा हिशेब मांडला तर मान खाली जाते. गोविंदराव टेंबे (१८८१ ते १९५५) यांना आम्ही 'मानापमान'चे संगीतकार म्हणून ओळखतो, लेखक म्हणून ओळखतो, चित्रपटांतील नट म्हणूनही ओळखतो. ज्या पेटीने त्यांनी भास्करबुवांसारख्या गवयाला साथ दिली, तिच्याविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत, परीक्षण मात्र शोधून सापडत नाही. पी. मधुकर यांनी पेटीला एकलवादनाच्या आसनावर बसविले. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४ ते २०१८) हे गोमंतकातील बोरी गावचे. बोरकरांना २००५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारला त्यांचे मोल कळले. पण त्यांच्या वादनाची मधुकरांच्या वादनाशी तुलना करून कोठे परंपरा आहे आणि कोठे स्वतःची वाट आहे हे सांगणारा लेख मराठीत किती जणांनी वाचला? कोंकणी वाचकांना आमचा हाच प्रश्न आहे. गोमंतकाने चर्चच्या संगीतशाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईच्या वाद्यवृंदांना पुरविले आणि देवळांच्या परिसरातून ख्याल व नाट्यसंगीताचे कलावंत दिले. स्वरपट्टीच्या दोन्ही संस्कृती जेथे एका हवेत वाढल्या, तेथील कोंकणी लेखकाने पियानो आणि पेटी यांच्या हातांचा तौलनिक विचार करावयाचा नाही, तर तो कोणी करावयाचा?

आमच्या बाजूचे पाहू. अप्पा जळगावकर (१९२२ ते २००९) जालन्याकडचे. म्हणजे ते जन्मले तेव्हा बिदर, गुलबर्गा आणि त्यांचे गाव एकाच निजामी अंमलाखाली होते. त्यांनी भीमसेन जोशींसारख्यांना साथ केली, आणि २००० साली अकादमीचा पुरस्कार मिळविला. बेळगावचे रामभाऊ विजापुरे (१९१७ ते २०१०) यांनी दीर्घ आयुष्यात गवयांच्या अनेक पिढ्यांना साथ केली आणि शिष्यांची रांग उभी केली. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाचे पुट्टराज गवई (१९१४ ते २०१०) अंध होते. अनेक वाद्यांवर त्यांचा अधिकार होता, पेटी त्यांत प्रमुख होती, आणि त्यांच्या आश्रमात शिकलेले गवई उत्तर कर्नाटकात दूरवर पसरले आहेत. या तिघांची पेटी तीन प्रकारची. त्यांत भेद काय, हे सांगण्यासाठी आमच्याजवळ शब्द नाहीत. 'गोड हात' हा एकच शब्द तिघांनाही चिकटविला जातो. पु. ल. देशपांडे पेटी वाजवीत, याचेही कौतुक आम्ही 'शिवाय' या शब्दानेच करतो: ते थोर लेखक होते, शिवाय पेटीही वाजवीत! पेटीला आमच्या भाषेत नेहमी 'शिवाय' आणि 'ही' यांच्यामध्ये जागा मिळते.

तर मग टीकाकाराने ऐकावे काय? आम्ही चार गोष्टी सुचवितो. पहिली, भाता. पेटीवर बोट किती जोराने दाबले याने नाद बदलत नाही, हवेने बदलतो. पियानोवादकाचा स्पर्श जसा त्याच्या बोटांत, तसा पेटीवादकाचा त्याच्या डाव्या हातात असतो. भाता धापा टाकतो की दीर्घ श्वास घेतो, समेवर हवा शिल्लक असते की नाही, हे ऐकावे. दुसरी, लावणी. पेटी कोणत्या पट्टीत, कोणत्या रीतीने लावली आहे, आणि जो स्वर तंबोऱ्याशी जुळत नाही तेथे वादक रेंगाळतो की शहाणपणाने स्पर्श करून निघतो, हे ऐकावे. तिसरी, संयम. साथीत वादक गायकाची सावली होतो की प्रतिध्वनी. गायकाचा नवा विचार पुरा होण्याआधी त्यावर आपली बोटे नाचवून तो बिघडवितो काय. आंदोलित स्वराच्या ठिकाणी पट्टी सोडून गप्प बसण्याची अक्कल त्याच्याजवळ आहे काय? दरबारीचा गंधार गायक लावीत असताना जो पेटीवाला थांबतो, त्याने ते न वाजविलेले क्षण परीक्षणात नोंदविण्यासारखे असतात. चौथी, एकलवादनातील बांधणी. तास-दीड तासाच्या वादनात रागाची इमारत उभी राहिली, की नाट्यपदांच्या सुरावटींची माळ लागली?

या चौथ्या मुद्द्यावर पेटीवादकांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. मान मिळत नाही हे पाहून त्यांच्यातील काहींनी वेगाची कास धरली. चौपटीत सरगम, तबल्याशी झटापट, अखेरीस लोकप्रिय गीताची लकेर, आणि टाळ्या. पियानोच्या जगातही हा रोग होता आणि आहे. परंतु तेथे केवळ वेगवान बोटांना विचारावयाचे तेथेही विचारतात आणि टाकावयाचे तेथे टाकतात, कारण तेथे टीकाकार जागा आहे. येथे कोणी जाब विचारणारा नसल्यामुळे कसरत आणि कला एकाच भावाने विकली जाते. समीक्षेच्या अभावाने वाईट वादकाचे काहीच बिघडत नाही. ज्याने दहा वर्षे भाता साधला त्या चांगल्या वादकाचे नुकसान होते, कारण त्याचे भात्यावरचे प्रभुत्व ओळखणारा कोणी नसतो. पेटीवादकांना आमचे सांगणे असे, की त्यांनी कौतुकाची याचना सोडावी आणि टीकेची मागणी करावी.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? साथीदार हा साथीदार. त्याने सेवा करावी, नाव गायकाचे व्हावे, हीच आपली रीत. हा युक्तिवाद मोठा सात्त्विक वाटतो, पण तो करणारे लोक बहुधा व्यासपीठाच्या मधोमध बसणारे असतात. सेवा ही करणाऱ्याने स्वीकारावयाची वृत्ती आहे. दुसऱ्यावर लादली की ती वेठ होते. आणि वेठीचा धंदा पुढची पिढी पत्करीत नाही. आमच्या या दोन जिल्ह्यांत तेच होऊ घातले आहे. सप्ताहात आता विजेवर चालणारा कीबोर्ड येतो. त्याला भाता नाही, लावावयाचे सूर नाहीत, घासावयाची पितळी जीभ नाही. तो स्वस्त आहे, सोयीचा आहे, आणि त्याच्यावर बोट ठेवले की स्वर मिळतो. ज्या मुलाने भालकीच्या किंवा औरादच्या एखाद्या देवळात वृद्ध भजन्याजवळ बसून डाव्या हाताचा श्वास शिकावयाचा, त्याने तो का शिकावा? उभा जन्म 'समर्पक' हा एक शब्द ऐकण्यासाठी? आम्ही कीबोर्डाचे वैरी नव्हे. पण जे जाते आहे ते काय होते, हे लिहून ठेवण्याआधीच ते गेले, तर दोष कीबोर्डाचा नव्हे, लेखणी हाती असून न लिहिणाऱ्यांचा होय.

आणि या भागाला त्यात विशेष तोटा आहे. अभंग, वचन आणि कव्वाली यांना एकाच पट्टीवर वाजविणारा हात ही या सीमेने घडविलेली वस्तू आहे. अभंगाचा ठेका सुटला की त्याच बोटांनी वचनाच्या संथ आलापाला वाट करून द्यावयाची, आणि उरुसात त्याच बोटांनी कव्वालाच्या हाकेला उलट हाक द्यावयाची, हे शिक्षण कोणत्याही विद्यालयाच्या अभ्यासक्रमात नाही. दोन राज्यांच्या सीमेवर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हक्कांसाठी भांडलो. अर्ज केले, आयोगांपुढे साक्षी दिल्या. ते भांडण योग्यच होते. परंतु ज्या एका गोष्टीत आम्ही खरोखर एक होतो, ती आम्ही कधी कोणाच्या नजरेस आणून दिली नाही.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि रोकड्या आहेत. कलबुर्गीच्या एस. एम. पंडित रंगमंदिरात वा बिदरच्या रंगमंदिरात जे संगीतोत्सव होतात, त्यांच्या संयोजकांनी वर्षातून एक पूर्ण तास एकल पेटीला द्यावा, आणि तो तिसऱ्या प्रहरी रिकाम्या खुर्च्यांपुढे न देता रात्रीच्या मुख्य वेळी द्यावा. निमंत्रणपत्रिकेत साथीदाराचे नाव गायकाच्या नावाइतक्याच ठसठशीत टंकात छापावे. आकाशवाणीच्या केंद्राने गावोगावच्या वृद्ध पेटीवादकांची वादने, अभंग-वचन-कव्वाली असा भेद न करता, ध्वनिमुद्रित करून जतन करावी. या वाद्याला त्या संस्थेने एकतीस वर्षे जे दूर ठेवले त्याची ती माफक भरपाई होईल. आणि टीकाकारांनी 'समर्पक' हा शब्द दहा वर्षांसाठी लेखणीबाहेर ठेवावा.

राहिला या मासिकाचा वाचक. त्याने पुढल्या बैठकीला जाताना एवढेच करावे: गायकाकडे पाहणे सोडून अर्धा तास त्या डाव्या हाताकडे पाहावे, आणि जे ऐकले ते मराठीत किंवा कोंकणीत दोन पाने लिहून संपादकांकडे धाडावे. त्यात दोष दाखविलेले असले तरी चालेल. दाखविलेले असले तर अधिक चांगले.